सूर कसा लागतो, सूर कुठे जातो

वाचकांचे प्रश्न : गिटार

रॉक आणि जॅझ फ्यूजनच्या (जॅझ आणि रॉक यांच्या मिलाफाच्या) गिटारवादकांची तुलना मी मागच्या अंकात ओझरती केली होती. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली काही इथे घेते आहे.

ताई, आमचा चौघांचा बँड आहे आणि आम्हा दोन गिटारवाल्यांत एकच वाद सारखा चालू असतो. मित्र म्हणतो, रॉकवाले आयुष्यभर पाच सुरांत फिरतात, खरं वादन फ्यूजनवाल्यांचं. मी म्हणतो, फ्यूजनवाले गणित सोडवत बसतात, अंगावर काटा येत नाही. तुम्ही दोन्ही वाजवता. आमच्यात बरोबर कोण?

तुझं पत्र वाचताना मला माझी एक जुनी तालीम आठवली. मी पंचविशीत होते आणि तोवर दहा वर्षं फक्त रॉक वाजवला होता. एका पियानोवादकांना गिटारची जोड हवी होती, म्हणून मी गेले. माझा हात तयार होता. ओढलेली तार बरोबर सुरावर पोचायची, व्हायब्रेटो (धरलेल्या सुराचा कंप) मनासारखा यायचा. पहिलं गाणं संपल्यावर ते शांतपणे म्हणाले, "तू छान वाजवतेस. पण मी खाली काय वाजवतोय, ते तू एकदाही ऐकलं नाहीस." मला ते फार लागलं. घरी येऊन तालमीची कॅसेट ऐकली, तर त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. त्यांनी आठ वेळा कॉर्ड बदलली होती आणि मी ए मायनर पेंटॅटॉनिकच्या, म्हणजे पाच सुरांच्या स्केलच्या, एकाच बॉक्समध्ये फिरत राहिले होते. माझा एकेक सूर ऐकायला चांगला होता. खालच्या कॉर्डशी मात्र त्यांतल्या निम्म्यांचं काही नातं नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दोन प्रश्न वेगवेगळे झाले. सूर कसा लागतो हा एक, आणि सूर कुठे जातो हा दुसरा. रॉक गिटारचा जीव पहिल्यात आहे, जॅझचा दुसऱ्यात. फ्यूजन वाजवणाऱ्याला दोन्हींची उत्तरं एकाच वेळी द्यावी लागतात, म्हणून ते अवघड जातं.

पहिल्याचं उदाहरण म्हणून पिंक फ्लॉइडचं १९७९ मधलं 'कम्फर्टेबली नम्ब' घे. त्यातला डेव्हिड गिलमोरचा शेवटचा सोलो ऐक. खाली बी मायनर, ए, जी, ई मायनर अशा कॉर्ड सावकाश बदलतात. बी मायनर पेंटॅटॉनिकचे पाच सूर या सगळ्यांवर चालतात, म्हणजे 'कुठे जायचं' याची काळजी जवळजवळ मिटलेली आहे. गिलमोर आपलं सगळं लक्ष सुराच्या लागण्यावर देतो. तार ओढताना तो सुरावर किती सावकाश पोचतो, पोचल्यावर व्हायब्रेटो लगेच सुरू करतो की क्षणभर थांबून, सूर सोडताना आवाज कसा विझतो, हे सगळं ठरवून आणि मनापासून केलेलं आहे. तुझा मित्र म्हणतो ते पाच सूर इथे आहेतच. पण त्यातला एक सूर गिलमोर ज्या तऱ्हेने लावतो, तसा लावून दाखवायला त्याला सांग. एक आठवडा दे. मी स्वतः यावर कित्येक महिने घालवले आहेत.

दुसऱ्याचं उदाहरण रॉकच्याच घरातलं देते. स्टीली डॅनच्या १९७६ मधल्या 'किड शार्लमेन'मध्ये लॅरी कार्लटनचा सोलो आहे. तिथे खालच्या कॉर्ड एका जागी राहत नाहीत आणि एकच स्केल धरून बसलेला वादक दोन मापांत (बारमध्ये) उघडा पडेल. कार्लटन प्रत्येक बदलाला त्या कॉर्डचा आतला सूर हेरतो आणि तिथेच उतरतो. तरीही तो तार ब्लूजवाल्यासारखीच ओढतो, आवाजालाही रॉकची धार आहे. सोलो नुसता गुणगुणून पाहा, गिटार बाजूला ठेवून. खालच्या कॉर्ड न वाजवताही त्या बदलताना कळतात, इतकं त्यांचं नातं सोलोतल्या ओळीत उतरलेलं आहे.

एक गैरसमज मात्र इथेच काढून टाकते. जॅझ म्हणजे सतत बदलणाऱ्या कॉर्ड आणि रॉक म्हणजे ठाण मांडून बसलेली कॉर्ड, इतकी सोपी वाटणी नाही. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये 'सो व्हॉट' आहे. सोळा मापं डी डोरियन (डीवरची एक स्केल), आठ मापं अर्धा सूर वर, आणि पुन्हा आठ मापं डी. बस, एवढंच. म्हणजे एका स्केलवर लांब मुक्काम करणं जॅझनेही आधीच केलं होतं, आणि पुढे फ्यूजन उभं राहिलं ते बऱ्याच अंशी याच पायावर. फरक असा की त्या मुक्कामात जॅझचा वादक मधूनच मुद्दाम घराबाहेर पडतो, अर्धा सूर वर सरकतो, ताण वाढवतो आणि परत येतो. ऐकणाऱ्याला तो ताण जाणवतो, कारण परतीची जागा वादकाच्या कानात पक्की असते.

ही दोन जगं एका खोलीत भेटली की काय होतं, ते ऐकायचं असेल तर 'जॅक जॉन्सन' या ध्वनिमुद्रिकेतला 'राइट ऑफ' हा सुमारे २७ मिनिटांचा तुकडा ऐका, दोघे मिळून ऐका. ध्वनिमुद्रण १९७० चं. माइल्स स्टुडिओत असताना गिटारवादक जॉन मॅकलॉफलिनने ई मध्ये डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) लावून शफल, म्हणजे झुलता ठेका, सुरू केला, ड्रम्सवर बिली कोबम आणि बासवर मायकल हेंडरसन त्याला येऊन मिळाले. इथवर तो शुद्ध रॉक आहे, कुठल्याही बँडच्या तालमीत वाजेल असा. काही वेळाने मॅकलॉफलिन बी फ्लॅटवर सरकला आणि हेंडरसन ई वरच राहिला. या दोन सुरांमधलं अंतर कानाला सगळ्यात बेचैन करणारं. अशा वेळी दुसरा कुणी हात वर करून सगळ्यांना थांबवेल. माइल्स नेमके त्याच क्षणी ट्रम्पेट घेऊन आत आले आणि डी फ्लॅट लावला. तो बी फ्लॅट मायनरचा तिसरा सूर आहे आणि ई चा सहावा, म्हणजे दोन्हीकडे बसणारा. सूर कुठे जातो हे ज्याला कळतं, त्याच्या कानाची ताकद मला या एका प्रवेशात जेवढी ऐकू येते तेवढी दुसरीकडे क्वचितच येते.

आता तुझ्या काट्याबद्दल. फ्यूजन ऐकताना काटा येत नाही, हे तुझ्या कानाचं आजचं खरं आहे आणि मी ते खोडून काढणार नाही. गिटारवादक जॉन स्कोफिल्ड ऐकून पाहा. तो १९८२ ते १९८५ माइल्सबरोबर होता. त्याचा सूर जरा खरखरीत, ठेक्याच्या किंचित मागे बसलेला. मधूनच तो असा सूर लावतो की चुकला की काय असं वाटावं, आणि पुढच्या मात्रेला तोच सूर बरोबर ठरतो. मला त्या मात्रेवर काटा येतो. तुलाही येईल, पण त्याआधी खालची कॉर्ड कानात बसलेली हवी.

म्हणून तुम्ही दोघंही अर्धे बरोबर आहात असं गुळमुळीत उत्तर मी देत नाही. मित्राचं म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं, कारण सुरांची संख्या मोजून वादन कळत नाही. तुझं म्हणणं अपुरं आहे.

मी बँडमध्ये रिदम वाजवते. डिस्टॉर्शन लावून जॅझच्या कॉर्ड वाजवल्या की सगळा गाळ होतो. पेडल बदललं, ॲम्प बदलला, काही उपयोग नाही. फ्यूजनवाले हे कसं जमवतात?

दोष पेडलचा नाही, तुझ्या हाताचाही नाही. डिस्टॉर्शनमध्ये ध्वनिलहरीची टोकं कापली जातात. दोन सूर एकत्र वाजवून कापले की त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज-वजाबाकी होऊन नवे सूर जन्माला येतात, जे तू वाजवलेलेच नसतात. हिशेब करून बघ. पाचवी तार मोकळी सोडली की ए, सेकंदाला ११० कंपनं. त्यावरचा पाचवा सूर ई, जवळपास १६५. वजाबाकी ५५, म्हणजे पुन्हा ए, एक सप्तक खालचा. पॉवर कॉर्ड डिस्टॉर्शनवर एवढी भरदार वाटते ती यामुळे. तू दोन सूर वाजवतेस आणि ॲम्प त्यांच्याखाली तिसरा, अगदी हवा तोच सूर घालतो. रॉकने पॉवर कॉर्ड उचलली यात आळस कुठेच नव्हता. त्या आवाजाला तीच कॉर्ड शोभते.

आता ए सेव्हनमधला जी घे. तो १९६. त्यातून ११० वजा केले की ८६ उरतात. हा सूर एफच्या अगदी जवळ जातो आणि एफ ए सेव्हनमध्ये नाहीच. चार सुरांच्या कॉर्डमध्ये अशा सहा जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी आपापले नवे सूर आत सोडते. तुला ऐकू येतो तो गाळ म्हणजे हे सगळे सूर.

ज्यांचं ऐकून तुला हा प्रश्न पडला, त्यांनी यातून वाटा काढल्या आहेत. फ्यूजनचा गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थ सोलोसाठी एक आवाज ठेवायचा आणि कॉर्डसाठी दुसरा, स्वच्छ. त्यात व्हॉल्यूम पेडलने सुराची सुरुवात झाकायची आणि डिलेने (प्रतिध्वनी देणाऱ्या उपकरणाने) तो लांबवायचा, त्यामुळे कॉर्ड तार छेडल्यासारखी न येता हळूहळू उमलते. तुला उद्यापासून करता येईल असं सांगायचं तर दोन गोष्टी. गिटारवरचा व्हॉल्यूम निम्म्यावर आण. पेडल तेच राहू दे, आवाज बराच निवळतो. आणि मूळ सूर बासवाल्याला देऊन टाक, तू कॉर्डचा फक्त तिसरा आणि सातवा वाजव. दोन सुरांत एकच जोडी, म्हणून भांडण कमी. पूर्ण स्वच्छ नाही होणार, पण कॉर्ड ओळखू येईल. माझ्या अनुभवात बँडमध्ये हेच जास्त कामाला येतं, कारण त्याने इतरांनाही जागा मिळते.

तारा कोणत्या लावू? रॉकसाठी पातळ आणि जॅझसाठी जाड, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं, आणि त्याने वादनही बदलतं. रॉकवाले पहिली तार सहसा ०.००९ किंवा ०.०१० इंचाची लावतात. जुन्या धाटणीचे जॅझवादक ०.०१२ किंवा त्याहून जाड लावायचे, आणि त्यांच्या संचात तिसरी तारही गुंडाळीची असायची. ती तार पूर्ण सूर ओढून दाखवायची म्हणजे बोटांची परीक्षा. त्यामुळे त्यांनी भाव दाखवायचा तो सुरांच्या निवडीतून आणि लयीतून. फ्यूजनला तार ओढताही यायला हवी आणि कॉर्ड भरीवही वाटायला हवी. मी ०.०११ लावते. तुमची बोटं अजून नवी असतील तर ०.०१० पासून सुरुवात करा.

जेफ बेक आणि ॲलन होल्ड्सवर्थ दोघेही इंग्लंडचे, जवळपास एका वयाचे. बेक ऐकताना मी हरखून जातो, होल्ड्सवर्थ ऐकताना मात्र धागाच हाती लागत नाही. वय साठीचं आहे, वाजवत नाही, फक्त ऐकतो. मला काय कमी पडतंय?

तुम्हाला काही कमी पडत नाही. दोघांत दोनच वर्षांचं अंतर, बेकचा जन्म १९४४ चा आणि होल्ड्सवर्थचा १९४६ चा, पण दोघांनी गिटारकडून दोन निरनिराळ्या गोष्टी मागितल्या.

बेकचं सगळं उजव्या हातात आहे. ऐंशीच्या दशकात त्यांनी पिक बाजूला ठेवलं आणि अंगठ्याने आणि बोटांनी वाजवायला लागले. पिकने दर वेळी तारेवर जवळपास सारखाच आघात होतो. अंगठ्याचं मांस, नखाची कड, तार वर उचलून सोडणं, यांचे आघात वेगवेगळे, म्हणून सुराचा पहिला उच्चारच दर वेळी वेगळा. त्याच हाताची करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर आणि तळवा व्हॅमी बारच्या (सूर वर-खाली करणाऱ्या दांडीच्या) आसपास. १९८९ चं 'व्हेअर वेअर यू' ऐका. त्यात ते तारेवर हलका स्पर्श करून हार्मोनिक (घंटेसारखा उंच सूर) काढतात आणि मग बारने त्या एका सुराला वर-खाली नेत अख्खी ओळ गातात. डाव्या हाताला तिथे फारसं काम नाही. यामागे बल्गेरियातल्या स्त्रियांच्या समूहगायनाची प्रेरणा होती, आणि ते कळल्यावर मला त्यात माणसाचा गळाच ऐकू येऊ लागला. बारने सूर अचूक लावणं किती कठीण असतं हे वाजवणाऱ्यालाच कळेल. फ्रेटचा आधार नाही, कान हाच एक आधार.

होल्ड्सवर्थला मुळात सॅक्सोफोन हवा होता, आणि जॉन कोल्ट्रेन त्याच्या कानात होता. गिटार हातात आल्यावर त्याने तिच्यातला 'टण्' हा आघातच शक्य तितका काढून टाकायचं ठरवलं. डाव्या हाताची बोटं तारेवर आपटून सूर काढायचे, उजव्याने फारच थोड्या वेळा तार छेडायची. बोट उचलतानाही तार बाजूला ओढायची नाही, कारण त्याने 'म्याव' असा आवाज येतो आणि तो त्याला नको होता. त्यामुळे त्याची तान फुंकल्यासारखी वाहते. कुठे श्वास घेतला ते कळत नाही, कुठला सूर जोराचा ते कळत नाही, आणि ऐकणाऱ्याला पकडायला कोपराच मिळत नाही. तुम्हाला धागा सापडत नाही तो यामुळे.

याच्या शेजारी एडी व्हॅन हेलनला ठेवून बघा. १९७८ चं 'इरप्शन', पावणेदोन मिनिटांच्या आतलं. शेवटी दोन्ही हातांनी फ्रेटवर टॅपिंग करत तो जे वाजवतो, तेही वाहतं आहे, वेगवानही आहे. तरी ते पहिल्यांदाच ऐकणाऱ्यालाही कळतं, कारण एकेका कॉर्डचे तीन सूर तो पुन्हा पुन्हा घेतो. कानाला आकृती दिसते, मग ती आकृती सरकते. होल्ड्सवर्थची आकृती परत येतच नाही. एडीचं होल्ड्सवर्थवर फार प्रेम होतं. १९८३ चं 'रोड गेम्स' मोठ्या कंपनीकडून निघालं त्यात एडीचा हात होता. रॉकच्या शिखरावरच्या माणसाने दुसऱ्या वाटेवरच्या माणसासाठी एवढं करावं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

होल्ड्सवर्थ ऐकण्याची माझी युक्ती सांगते. पहिल्या दोन वेळा सोलोकडे लक्षच देऊ नका. फक्त कॉर्ड ऐका. १९८५ चं 'मेटल फटिग' घ्या आणि कॉर्डमधला सगळ्यात वरचा सूर गुणगुणत राहा. त्याच्या मते कॉर्ड म्हणजे एखाद्या स्केलमधले काही सूर एका क्षणी एकत्र आलेले, त्यामुळे त्याच्या कॉर्ड ओळखीच्या साच्यात बसत नाहीत, पण वरच्या सुरांची एक चाल तयार होते आणि ती फार सुरेल असते. ती चाल पाठ झाली की तिसऱ्यांदा सोलो ऐका. मला स्वतःला हे जमायला काही वर्षं लागली. आजही मन दमलेलं असेल तर मी बेकच लावते. पण होल्ड्सवर्थने गिटारचा उच्चारच बदलून दाखवला आणि ते काम मला अधिक धाडसाचं वाटतं.

मॅकलॉफलिन एवढ्या वेगात वाजवतात, त्याची गरज असते का?

वेग हा त्यांच्या वादनातला एक भाग आहे, आणि त्यांच्यासारखे काही जण तो सोसूही शकतात. ते प्रत्येक सूर पिकने वाजवतात, एक खाली, एक वर, न चुकता. होल्ड्सवर्थच्या अगदी उलट. त्यामुळे प्रत्येक सुराला टोक येतं आणि तान तालवाद्यासारखी वाजते. १९७३ च्या 'बर्ड्स ऑफ फायर'चं शीर्षकगीत अठरा मात्रांच्या आवर्तनात आहे. तिथे बिली कोबम आणि मॅकलॉफलिन दोघेही सतत ऐकणाऱ्याचा हिशेब चुकवतात आणि सम मात्र चुकत नाहीत. रॉकमध्ये दोन आणि चारवर पडणारा ठोका ऐकणाऱ्याला धरून ठेवतो. तो आधार काढून घेतला की गिटारलाच ताल दाखवावा लागतो, आणि टोकदार वेगवान तान तो नेमका दाखवते. एरवी, साध्या चार मात्रांत, नुसता वेग मला लवकर कंटाळा आणतो. मग तो रॉकवाल्याचा असो की फ्यूजनवाल्याचा.

अपघातानंतर उजव्या हातात पिक धरता येत नाही. वीस वर्षं वाजवतोय. रॉककडून फ्यूजनकडे वळायचं मनात होतं, आता सगळंच सोडावं का?

सोडू नका, एवढं आधी सांगते. माइक स्टर्न २०१६ मध्ये पडले, दोन्ही दंडांची हाडं मोडली आणि उजव्या हाताच्या नसांना इजा झाली. पिक बोटांत राहीना, तेव्हा त्यांनी विग चिकटवायचा गोंद लावून ते बोटांना चिकटवलं आणि वाजवत राहिले. पुढच्याच वर्षी 'ट्रिप' हा त्यांचा अल्बम आला. त्यांच्या वादनात ब्लूजची ओढलेली तार आणि जॅझची अर्ध्या-अर्ध्या सुरांनी सरकणारी ओळ एकत्र नांदतात, म्हणजे तुम्हाला जिकडे जायचं आहे तेच गाव. तुमच्या हाताचं काय करायचं ते डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टच सांगतील, त्यांना विचारल्याशिवाय ताण देऊ नका. पण गिटारपुरतं सांगायचं तर पिकवाचून चालतं हे बेकने दाखवलं आणि उजव्या हाताचं काम फार कमी करता येतं हे होल्ड्सवर्थने. तुमच्यापुढे दोन्ही वाटा आहेत. डाव्या हाताने सूर काढण्याचा सराव रोज दहा मिनिटं, एवढ्यानेच सुरुवात करा आणि दोन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. मी वाट पाहीन.

पंधरा वर्षं रॉक वाजवतो. फ्यूजन शिकायचं म्हणून स्केलची तीन पुस्तकं आणली. स्केल पाठ झाल्या, पण वाजवायला लागलो की पाठ म्हणून दाखवल्यासारखं वाटतं. नेमकं काय करू?

पुस्तकं काही दिवस कपाटात ठेवा. तुमच्याकडे पंधरा वर्षांची कमावलेली गोष्ट आहे, ओढलेली तार. तिलाच कॉर्ड शिकवायची.

डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. प्रत्येकी एक माप, शेवटची दोन मापं. फोनवर हे तीनच बदल अगदी सावकाश वाजवून रेकॉर्ड करा आणि ते फिरत राहू द्या. पहिला आठवडा प्रत्येक कॉर्डवर फक्त एकच सूर वाजवायचा. डी मायनरवर एफ, जी सेव्हनवरही एफच, सी आली की ई. लांब धरा आणि ऐका. एफ तिथेच असतो, पण डी मायनरवर तो स्वस्थ बसलेला वाटतो आणि खाली जी सेव्हन आली की तोच सूर अस्वस्थ होतो, खाली यायला बघतो. तुमचं बोट हललेलं नसताना सूर बदलतो. हे कानाला जाणवेपर्यंत पुढे जाऊ नका. दोन दिवसांत जाणवलं तरी आठवडा पुरा करा.

दुसऱ्या आठवड्यात बोटाचं काम. दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला ई आहे. ती तार अर्धा सूर ओढा, एफ मिळेल. आधी ओढून ठेवा, मग छेडा. डी मायनरवर ओढलेलीच राहू द्या, जी सेव्हनवर पुन्हा छेडा आणि थोडा व्हायब्रेटो द्या. सी मेजर ज्या क्षणी येईल, त्याच क्षणी तार सोडा, म्हणजे एफ ई वर उतरेल. आधी नाही, नंतर नाही. सुरुवातीला हात घाई करेल, कारण रॉकमध्ये आपण तार आपल्या मनाने सोडतो आणि इथे ती कॉर्डच्या मनाने सोडायची आहे. मी हे करायला घेतलं तेव्हा पहिल्या दिवशी मला शंभरात दहा वेळाही नेमकं जमलं नव्हतं.

जमलं की त्याच कॉर्डमधला दुसरा सूर घ्या. डी मायनरवर सी, जी सेव्हनवर बी, आणि सी मेजरवर तोच बी धरून ठेवायचा. आता सोडायचं जी सेव्हनवर आहे आणि धरायचं सी मेजरवर, आधीच्या उलट. हे दोन सूर आलटून पालटून महिनाभर वाजवा, त्याच तीन कॉर्डवर, डिस्टॉर्शन लावून आणि काढून. रेकॉर्ड करून मला पाठवलंत तर पुढच्या अंकात जी सेव्हनवर बाहेरचा सूर कुठून आणायचा, ते सांगते.